बिबळ्याची पूड

पीण्यातल्या त्या शेडचं प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. एरवी आरोपी सापडला, जबाब झाला, कागद कोर्टात गेले की माझं मन मोकळं व्हायचं. या एका प्रकरणात आरोपी सापडल्यावर माझा गोंधळ वाढला, आणि निवृत्तीनंतरही तो पुरता मिटलेला नाही. माणसं हयात आहेत, म्हणून नाव कुणाचंच देत नाही.

मी मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, नोकरी कन्नडमध्ये. त्या काळात बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक भागात एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमच्याकडे येणारी प्रकरणं ठरलेली असायची. तांब्याच्या तारांची चोरी, कामगारांच्या मारामाऱ्या, रात्रपाळीहून परतणाऱ्यांचे मोबाइल हिसकावणं. एका दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"लेथच्या शेडांमागच्या गल्लीत एक म्हातारा पांढरी पूड बनवतो, सर. स्पिरिटचा वास येतो. पिशवी भरून कुठं तरी घेऊन जातो. जरा बघा."

पांढरी पूड म्हटल्यावर आम्हाला थांबता येत नाही. सबइन्स्पेक्टर, दोन शिपाई आणि दोन पंच घेऊन मी निघालो. शेडचं दार उघडंच होतं. आत एका कोपऱ्यात स्टीलचं मोठं भांडं, काचेच्या वळणदार नळ्या, एक छोटी चक्की आणि पोत्यांत तांबूस लाकडाचे तुकडे होते. टेबलाशी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेला एक वृद्ध गृहस्थ चष्म्याच्या वरून आमच्याकडे बघत होता.

"चपला-बूट बाहेर काढा," तो कन्नडमध्ये म्हणाला. "इथं धूळ चालत नाही."

नोकरीत मी पुष्कळ ठिकाणी छापे घातले, पण बूट काढायला सांगणारा हा पहिलाच. त्याच्या कन्नडमधली मराठी धाटणी मी ओळखली आणि मराठीत विचारलं, "हे काय चाललंय, आजोबा?"

"मराठी का तुम्ही? मग बसा." त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "हे बिबळ्याच्या झाडाचं लाकूड. इथले लोक होन्ने म्हणतात. मधुमेहासाठी याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पितात, पाहिलं असेल. या लाकडात एक द्रव्य असतं, ते मी वेगळं काढतो."

"कशासाठी?"

"म्हातारपण थोडं लांबवता येतं का, हे बघण्यासाठी."

माझा सबइन्स्पेक्टर हसू दाबायला दाराकडे वळला. गृहस्थ मात्र गंभीर होते. एका सरकारी संशोधन संस्थेतून ते निवृत्त झाले होते. त्यांनी मला जे समजावलं ते मला जमेल तसं सांगतो. आपल्या पेशींत काही एन्झाइम असतात, ते आतली डागडुजी करतात. वय वाढलं की ते सुस्तावतात. काही झाडं बुरशीपासून, किडीपासून स्वतःला वाचवायला काही द्रव्यं तयार करतात. द्राक्षाच्या सालीत एक असतं, बिबळ्यात त्याचंच भावंड. ही द्रव्यं त्या सुस्त एन्झाइमना जागं करत असावीत, असं यीस्टमध्ये, किड्यांत, उंदरांत काही वेळा दिसतं आणि काही वेळा दिसत नाही.

"आणि माणसांत?" मी विचारलं.

"माहीत नाही. म्हणून तर करतोय."

त्यांच्या घराजवळच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांना ते ही पूड फुकट देत होते आणि त्यांना काय वाटतं ते विचारत होते. परवानगी कुणाचीच नव्हती. शेड त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची, त्यानं गुरूला कोपरा वापरायला दिला होता. आम्ही पंचनामा केला, ज्याला कर्नाटकात महजर म्हणतात. नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवले. औषध निरीक्षकांना कळवलं. त्यांनी विनापरवाना औषध बनवण्याबद्दल नोटीस काढली आणि शेडला सील लावलं. शास्त्रज्ञांना मी जबाब घेऊन घरी सोडलं. लवकरच अहवाल आला. पुडीत अमली पदार्थ नाही, विष नाही, झाडाच्या अर्काखेरीज काहीच नाही. माझ्या लेखी प्रकरण तिथंच संपलं होतं.

मग ती मुलगी ठाण्यात आली. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी. घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्या बेंगळुरूत गेलेलं. हातातल्या पिशवीतून तिनं एक प्लास्टिकचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"ही त्या बागेतली पूड, सर. माझी आई घ्यायची. राहायला माझ्याकडे आली तेव्हा मी तिच्याकडून काढून घेतली. म्हटलं, न तपासलेलं औषध नको. काही दिवसांत आईला उलट्या सुरू झाल्या, उठता येईना, बीपी इतकं खाली गेलं की आता ती आयसीयूत आहे."

"म्हणजे पूड घेतल्यामुळे त्रास झाला?"

"तेच तर कळत नाही. घेत होती तोवर ठणठणीत होती. बंद केल्यावर पडली. बागेतले सगळे मला फोन करून बोलतात, तूच आईला मारतेस म्हणून." तिनं डबा माझ्याकडे सरकवला. "मी तक्रार त्यांच्याविरुद्ध करतेय की स्वतःविरुद्ध, मला समजत नाही."

मलाही समजत नव्हतं. मी डबा ताब्यात घेतला, नमुना पुन्हा प्रयोगशाळेला पाठवला आणि दुसऱ्या सकाळी एका हवालदाराला घेऊन साध्या कपड्यांत त्या बागेत गेलो.

अशी साक्षीदार मंडळी मला पुन्हा भेटली नाहीत. सगळे साठी-सत्तरीच्या पुढचे, पण गाल भरलेले, चेहऱ्यावर तुकतुकी, बोलण्यात उत्साह. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "मी जिना एकेक पायरी थांबून चढायचो. आता बघा." आणि खरोखरच ते बागेतल्या दगडी पायऱ्या चढून-उतरून दाखवायला लागले. एका आजींनी गालाला हात लावून सांगितलं की त्यांच्या सुरकुत्या गेल्यात. भूक लागते, सांधे दुखत नाहीत, मन प्रसन्न राहतं. तक्रार एकाचीही नाही.

"अक्कांना काय झालं ते बघितलंत ना?" बँकवाले म्हणाले. अक्का म्हणजे आयसीयूतली ती आई. बागेत सगळे तिला अक्काच म्हणत. "पूड बंद केली आणि आडवी झाली. याहून मोठा पुरावा काय पाहिजे, अण्णा? तुम्ही त्या सरांच्या मागं लागू नका."

परत येताना जीपमध्ये हवालदार हळूच म्हणाला, "सर, जप्त केलेल्यातली थोडी मिळेल का? आमच्या आईचे गुडघे फार दुखतात." मी त्याला दटावलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात माझ्या कमरेचा विचार येऊन गेला होता.

इस्पितळात अक्कांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंनी माझा गोंधळ वेगळ्याच दिशेला नेला. त्यांनी शांतपणे विचारलं, "बागेतल्या लोकांचे चेहरे गोल झालेत का? गाल वर आलेत? हाता-पायांपेक्षा चेहरा आणि पोट जास्त भरलंय?"

"हो. सगळ्यांचेच."

"मग त्यांना कुणी तरी स्टेरॉइड देतंय. दुखणं पळतं, भूक लागते, बरं वाटतं. चेहरा सुजतो म्हणून सुरकुत्या दिसत नाहीत. ते तरुण झालेले नाहीत, सुजलेत. आपल्या शरीरातल्या ग्रंथी हेच द्रव्य थोडं थोडं बनवतात. ते बाहेरून मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम थांबवतात. मग एकदम बंद केलं की शरीराकडे स्वतःचं काहीच उरत नाही. अक्कांचं तेच झालंय. तशी लक्षणं दिसल्याबरोबर मी उपचार सुरू केले, म्हणून त्या अजून आहेत."

त्याच दिवशी प्रयोगशाळेचा फोन आला. डब्यातल्या पुडीत बिबळ्याचा अर्क होता, आणि स्टेरॉइडही होतं.

मी म्हणालो, "बागेतले सगळे डबे आज संध्याकाळपर्यंत जप्त करतो."

डॉक्टर बाई खुर्चीतून उठल्याच. "असं काही करू नका. डबे नेलेत तर आठवड्यात माझ्याकडे आणखी दहा अक्का येतील. सगळ्यांना इथं पाठवा. मी त्यांना औषध कमी करत करत सोडवीन. पण कोण किती घेतंय ते मला कळायला हवं. हे मिसळणाऱ्यालाच ठाऊक असणार. तो माणूस मला शोधून द्या."

पोलिसाची नोकरी पुराव्यावर चालते, आणि इथं पुरावा रोज सकाळी लोकांच्या तोंडात जाऊ द्यायचा होता. त्यात शेडला सील लागलेलं. लोकांकडची पूड संपत आलेली असणार. संपली की ती आपोआप बंद पडणार होती. वेळ थोडा होता.

शेडमधला नमुना शुद्ध होता आणि बागेतला भेसळीचा. म्हणजे मधल्या वाटेवर कुणी तरी हात घातला होता. पहिला संशय शेडमालक विद्यार्थ्यावर गेला. त्याला ठाण्यात बोलावलं. तो इतका घाबरला होता की विचारलं नाही तेही सांगत सुटला. लेथच्या वीजजोडणीतली गडबडसुद्धा त्यानं कबूल केली. पण पुडीला त्यानं कधी हात लावला नव्हता. सर कुलूप लावून जायचे. खोटं बोलणारा माणूस सहसा एकाच मुद्द्याभोवती राहतो. हा सगळीकडे पसरत होता, म्हणून मी त्याला सोडलं.

मग आम्ही शास्त्रज्ञांच्या घरी गेलो. सोबत महिला सबइन्स्पेक्टर होती. फ्लॅट छोटा, नीटनेटका. त्यांच्या पत्नींनी दार उघडलं. त्यांना बागेत सगळे काकू म्हणत. त्यांनी कॉफी टाकली. मी शास्त्रज्ञांना स्टेरॉइडबद्दल सांगितलं तेव्हा त्यांना राग आला.

"अशक्य आहे. माझ्या पुडीत तसलं काही असूच शकत नाही. मी स्वतः घेतो रोज." त्यांनी कपाटातून डबा काढला, चमचाभर पूड पाण्यात ढवळली आणि माझ्यासमोर पिऊन टाकली. "पोलिसांना पटवायला आणखी काय करू?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. पेला तोंडाला लावलेला त्यांचा चेहरा खिडकीच्या उजेडात होता. गाल आत गेलेले, मानेची कातडी लोंबलेली, मनगटं काटकुळी. बागेतले सगळे फुगले होते, आणि ज्यानं औषध शोधलं, जो रोज न चुकता घेत होता, तो एकटाच वाळलेला होता.

"सर, तुमचा डबा वेगळा असतो का?"

"हो. ही वेगळा ठेवते. मला शुगर आहे ना, माझं खाणंपिणं सगळं तीच बघते."

"आणि बागेतले डबे कोण भरतं?"

"तीच. माझे हात थरथरतात आता."

स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला होता.

मी उठून आत गेलो, मागोमाग महिला सबइन्स्पेक्टर. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. कॉफी गाळून ठेवलेली होती. मी काही विचारायच्या आत त्यांनी विचारलं, "अक्का कशा आहेत?"

"वाचतील."

त्यांनी डोळे मिटले. मग स्टुलावर बसल्या आणि खालच्या आवाजात बोलायला लागल्या. त्या पूर्वी एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायच्या. कोणत्या गोळीनं काय होतं, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"निवृत्त झाल्यावर हे घरात असून नसल्यासारखे झाले होते. भिंतीकडं बघत बसायचे. मग ही पूड सुचली आणि माणूस परत उभा राहिला. पण कुणाला काहीच फरक वाटेना. एकेक जण येईनासा झाला. हे परत भिंतीकडं बघायला लागले. मला वाटलं, थोडंसं घालू. दोन-चार जणांना बरं वाटलं तर यांना धीर येईल. मग बंद करू."

"मग बंद का नाही केलं?"

"सगळ्यांना बरं वाटायला लागलं ना. हे सकाळी गाणं म्हणत दाढी करायला लागले. आणि एकदम बंद करता येत नाही, ते मला माहीत होतं. मी कमी करत आणत होते, साहेब. अक्कांचंही कमी करत होते. त्या लेकीकडे गेल्या आणि तिनं डबा काढून घेतला, ते मला फार उशिरा कळलं."

"सरांच्या डब्यात का नाही घातलं?"

"यांना शुगर आहे," त्या म्हणाल्या. "यांना कसं देऊ मी ते?"

इतर दहा-बारा जणांना तुम्ही ते दिलंत, त्यातल्या कुणाला शुगर असेल तर, असं विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. महिला सबइन्स्पेक्टरनंच ते विचारलं. काकू म्हणाल्या, अक्कांच्या डॉक्टरांना फोन लावून द्या, मी सगळ्यांचं सांगते.

मी डॉक्टर बाईंना फोन लावून दिला. काकूंनी प्रत्येकाचं नाव घेऊन कुणाला किती जात होतं ते तोंडपाठ सांगितलं. बँकवाल्यांना इतकं, सुरकुत्यावाल्या आजींना इतकं, अक्कांना सगळ्यांत जास्त, कारण त्यांचं दुखणं बघवत नव्हतं. दुपारपर्यंत आमचे शिपाई घरोघरी जाऊन मंडळींना इस्पितळात घेऊन जात होते. बँकवाले वाद घालत होते की त्यांना काहीही झालेलं नाही. त्यांच्या रक्तातली साखर धोक्याच्या पलीकडे गेलेली निघाली.

अटकेचे कागद करायच्या आधी काकूंनी मला विचारलं, "यांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"तुम्ही सांगा."

त्या बाहेरच्या खोलीत जाऊन नवऱ्यासमोर बसल्या. सांगायला दोन-तीन वाक्यंच लागली. शास्त्रज्ञ रडतील, ओरडतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीनंतर."

"म्हणजे त्यानंतरचं सगळं..."

"हो."

"आणि त्याआधी?"

"आधी कुणाला काहीच वाटत नव्हतं हो."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी माझ्या हातातल्या कागदांकडे बघत उभा राहिलो. कुठल्याही घरात इतकं अवघडून मी कधी उभा राहिलेलो नाही.

पुढं कायद्याप्रमाणे सगळं झालं. काकूंवर जिवाला धोका होईल असं औषध फसवून दिल्याचा गुन्हा, शास्त्रज्ञांवर विनापरवाना औषध बनवण्याचा. काकूंना जामीन मिळाला. अक्का बऱ्या होऊन घरी गेल्या, बागेतली मंडळी कित्येक महिने इस्पितळाच्या फेऱ्या मारत राहिली. खटल्यात माझी पंचाईत झाली ती साक्षीदारांची. निम्म्या लोकांना काकूंविरुद्ध बोलायचंच नव्हतं. एक आजी म्हणाल्या, त्या महिन्यांत मी नातीच्या लग्नात नाचले, ते खोटं होतं असं कशी म्हणू?

अक्कांनी मात्र साक्ष दिली. मी त्यांना समन्स द्यायला गेलो होतो तेव्हा त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या. चेहरा पुन्हा बारीक झालेला, सुरकुत्या परत आलेल्या.

"गुडघे दुखतात का हो?" मी सहज विचारलं.

"दुखतात की. पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, साहेब. तिनं मला विचारलं असतं, सगळं समजावून सांगितलं असतं, तर कदाचित मी घेतलंही असतं. विचारायला तरी हवं होतं." त्यांची लेक मागं उभी होती. आईचा डबा काढून घेतल्याबद्दल तिला कुणी दोष देत नव्हतं आता, पण ती अजून माझ्याशी बोलताना आईचं मनगट धरून होती.

शास्त्रज्ञ सरकारी बाजूचे साक्षीदार म्हणून उभे राहिले नाहीत, ते स्वतःच आरोपी होते. पण प्रत्येक तारखेला ते काकूंबरोबर यायचे, आणि दोघं बाकावर मध्ये एक पिशवी ठेवून बसायचे. एकदा काकू वकिलांशी बोलायला गेल्या होत्या तेव्हा मी शास्त्रज्ञांजवळ गेलो.

"सर, एक विचारू? तुम्हाला त्यांचा राग येत नाही?"

"येतो ना. अजून आहे," ते म्हणाले. "पण मी शास्त्रज्ञ आहे हो. सगळ्यांना एकदम इतका फरक कसा पडला, हे मला खटकायला हवं होतं. उंदरांतसुद्धा असे निकाल येत नाहीत. पूड घरी आल्यावर मी एकदाही तपासली नाही. तिलाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती माझ्याशी खोटं बोलली नसती."

"मग का नाही विचारलं?"

"निकाल चांगले येत होते," ते म्हणाले.

मी त्यांना शेवटचं विचारलं की ती शुद्ध पूड, बिबळ्याची, ती खरंच काही करते का. त्यांनी मान हलवली. "सांगता येत नाही. आता तर मुळीच सांगता येत नाही."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं की मी घुटमळतो. तपासात आम्ही पहिल्यांदा बघतो की कुणाचा फायदा झाला. इथं कुणाला काही मिळवायचं नव्हतं, म्हणून मला दिसायला वेळ लागला. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात राहिली आहे. काही बिघडलं की लोक ठाण्यात येतात, फोन करतात, नाव न सांगता का होईना खबर देतात. अचानक सगळं छान चाललंय, कारण कळत नाही, म्हणून तक्रार द्यायला माझ्या सगळ्या नोकरीत कुणी आलं नाही. मीही गेलो नसतो.